नोंदवहीतील आई



नाशिककरांना २ मार्च १९३० हा दिवस सांगावयास नको. दुसऱ्या दिवशी काळाराम मंदिराच्या चार दरवाजांवर सत्याग्रहींची पहिली तुकडी बसली, तीत १२५ पुरुष व २५ स्त्रिया होत्या. परंतु भाषणात आम्ही म्हणतो, ‘आपल्या बांधवांनी सत्याग्रह केला.’ एका शब्दात त्या २५ जणी पुसल्या जातात. मग १९८९ साली ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांना ‘आम्हीही इतिहास घडवला’ असे पुस्तकातून सांगावे लागते.

पितृसत्ता म्हणजे पुरुषांचा दुष्टपणा नव्हे. मालकी, नाव व निर्णय बापाकडून मुलाकडे जावेत, अशी ती व्यवस्था आहे. तीत सासूच सुनेला धाकात ठेवते. रडणाऱ्या मुलालाही ‘बाईसारखा रडतोस काय?’ म्हणून गप्प केले जाते. म्हणून ‘स्त्री विरुद्ध पुरुष’ ही भाषा अपुरी आहे. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह यांचा संबंध जातीतल्या जातीत विवाहाच्या बंधनाशी जोडला. जात आणि स्त्रीची गुलामी एकाच खुंटीला बांधलेल्या आहेत.

आता आमचे घर पाहू. आमच्या सभासद नोंदवहीत ‘कुटुंबप्रमुख’ पुरुषच. तो वारला की मुलाचे नाव लागते. आई ‘इतर व्यक्तीं’त जाते. वर्गणी तिच्या मजुरीतून येते, पण वार्षिक सभेत तिला मत नाही. इकडे २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेसाठी १८ वर्षांवरील ज्येष्ठ स्त्रीला कुटुंबप्रमुख मानले. १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्यांच्या नावापुढे, वडिलांच्या आधी, आईचे नाव लावण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. सरकारी कागद पुढे गेला, आमची वही मागे राहिली!

कु., सौ. या अक्षरांतून बाईच्या लग्नाची चौकशी होते. पुरुषाला नुसते श्री. पुरते. आपल्याकडे तर ‘आयुष्मान’ व ‘आयुष्मती’ हे बरोबरीचे शब्द आहेत. लग्नपत्रिकेत आहेत, ते वहीतही येऊ द्या.

शब्द बदलल्याने सत्ता लगेच बदलत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु जिचे नाव नोंदवहीत नाही, तिचा हात सभेत मोजला जात नाही. म्हणून येत्या वर्गणीपासून प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाची स्वतंत्र नोंद व्हावी, असा ठराव आम्ही आपणांपुढे ठेवतो.

जय भीम!