कृत्रिम पाय आणि उपजीविका
(सुवर्णमहोत्सव समारंभातील भाषण)



या मंगल प्रसंगी अपंगसेवेविषयी बोलण्याची आज्ञा आपण मला केलीत, हे मी माझे भाग्य समजतो. (आता आपण ‘दिव्यांग’ म्हणतो, माझ्या पिढीच्या जिभेला जुना शब्द चिकटलेला आहे, क्षमा असावी.) आपल्या ट्रस्टच्या अहवालात किती कृत्रिम पाय बसवले, किती कॅलिपर दिले, याचे आकडे आहेत आणि ते निश्चितच अभिमानास्पद आहेत. मला मात्र त्या वहीत नसलेल्या एका रकान्याविषयी बोलायचे आहे.

जयपूर फूट १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांच्या प्रयत्नांतून साकार झाला. तोवरच्या परदेशी धर्तीच्या पायावर बूट चढवावा लागे; मांडी घालणे, उकिडवे बसणे, मंदिरात अनवाणी जाणे दुरापास्त होते. रबराचा हा पाय घोट्यात वाकतो, चिखलापाण्यात चालतो. परंतु इतका सोयीचा पाय निर्माण होऊनही पहिल्या सात वर्षांत तो जेमतेम पन्नासेक लोकांना मिळाला. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या काळात, १९७५ मध्ये, श्री. डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. १९६९ च्या अपघातात त्यांचा स्वतःचा पाय जाता जाता वाचला होता. समितीचा आरंभीचा पाय तोच होता. बदलली ती आलेल्या माणसाला वागवण्याची रीत. कोणत्याही वेळी या, येथेच राहा, जेवा आणि विनामूल्य पाय घालून घरी जा. त्यातून पुढे लाखो लोक उभे राहिले.

आता माझाच एक अनुभव सांगतो. एका शिबिरात शिवणकाम करणाऱ्या एका भगिनीचा पाय गुडघ्याच्या वर कापलेला होता. तिचे माप मीच घेतले. हारतुरे झाले, छायाचित्र निघाले. सहा महिन्यांनी त्या गावी गेलो, तर पाय दाराआड फडक्यात गुंडाळून ठेवलेला आणि बाई पुन्हा कुबड्यांवर! शस्त्रक्रियेनंतरच्या काही महिन्यांत उरलेला पाय आकसतो, सॉकेट सैल होते, हे मला ठाऊक होते. तिने आत चिंध्या कोंबून पाहिल्या, जखम झाली. शिवाय यंत्राचा पायटा त्या पायाने चालेना. तिला दुसऱ्या मापाचे सॉकेट आणि शिलाई यंत्राला एक छोटी विजेची मोटार हवी होती. त्या शिबिराच्या मंडपाच्या खर्चात अशा कितीतरी मोटारी आल्या असत्या. दोष कारागिराचा नव्हता. ‘ताई, तुम्ही काम काय करता?’ हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

शासनाला हे फार पूर्वी उमगले होते. १९६८ मध्येच मुंबईत अपंगांसाठी व्यवसाय पुनर्वसन केंद्र सुरू झाले. माणसाची कार्यक्षमता पाहणे, त्याला झेपेल ते काम शिकवणे, नोकरीसाठी साहाय्य करणे, असे त्याचे कार्य. आज ते नॅशनल करिअर सर्व्हिस सेंटर म्हणून ओळखले जाते. आपल्या शिबिरातून तेथे एक पत्र गेले, तर खर्च टपालाचाच.

कॅलिपरचेही तेच. भारतात वन्य पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. म्हणून कॅलिपरचे काम संपले असे काहींना वाटते. बालपणी पोलिओ झालेली मुले आज प्रौढ आहेत, दुकानात दिवसभर उभी राहतात, जिने चढतात. वजन वाढलेले असते, पट्टे काचतात. शाळेच्या बाकावर बसणाऱ्या मुलाचे माप त्यांना कसे पुरावे?

आपल्या शास्त्रांत आहार, औषध, ज्ञान यांबरोबर अभयदानही सांगितले आहे. उद्या चूल पेटेल की नाही, हेही एक भयच आहे.

म्हणून विश्वस्त मंडळास नम्र विनंती, की येत्या शिबिरापासून नोंदवहीत ‘व्यवसाय’ हा रकाना असावा आणि तो माप घेण्यापूर्वी भरला जावा. तीन महिन्यांनी व सहा महिन्यांनी त्याच गावी पुन्हा जाण्याचा खर्च प्रारंभीच राखून ठेवावा. मग पायांची संख्या थोडी कमी झाली तरी चालेल. पहिल्या फेरीला मी स्वतः येईन.

बोलण्यात काही अविनय झाला असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.