रेसची दांडी



आपल्यातलं कोणी डॉक्टर झालं, कोणी तहसील कचेरीत गेलं. मी मुरबाडला गॅरेज टाकलं. "तुझ्या कामातलं काहीतरी सांग," असा संयोजकांचा निरोप आला, म्हणून रेसच्या दांडीबद्दल बोलतो. वस्तू लहान आहे, पण तिने मला आयुष्याचा धडा दिला.

पेट्रोलच्या जुन्या गाडीत पाय दाबला की कार्बुरेटरची झडप उघडते आणि हवा वाढते. डिझेलला सहसा हवेचं असं दार नसतं. आपला पाय दांड्या, सांधे किंवा तारेतून थेट डिझेल पंपाच्या लिव्हरला जोडलेला असतो. पाय उचलला की लिव्हर मागे आणायचं काम स्प्रिंगचं. सर, तुम्ही फळ्यावर तरफ शिकवलीत, टेकू, बल आणि भार. ती मला परीक्षेत जमली नाही, बॉनेटखाली समजली.

आपल्याच वर्गातल्या एका मित्राची डिझेल अँबेसेडर होती, १४८९ सीसीची. आवणीचे दिवस होते, गॅरेजमध्ये गर्दी. तिची स्प्रिंग ताणून सैल झाली होती. नवी आणायला कल्याणला जावं लागलं असतं. मी जुनीच दोन वेढे कापून आखूड केली, आकडा वाकवला आणि लावून दिली.

आठवड्याने तो आईला घेऊन आळेफाट्याहून येत होता. माळशेज उतरताना आकडा तुटला आणि रेस वरच राहिली. धुकं, पाऊस, एका बाजूला दरी. त्याने क्लच दाबला, ब्रेक मारला आणि स्टॉपरची तार ओढली. गाडी डोंगराच्या बाजूला टेकून थांबली. कोणाला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी तो गॅरेजवर आला, तुटलेली स्प्रिंग माझ्या टेबलावर ठेवली आणि एक शब्द न बोलता चहा पिऊन गेला. ती स्प्रिंग अजून माझ्या गल्ल्यात आहे. तो आज इथेच बसलाय.

तेव्हापासून गाडी कशासाठीही येवो, मी आधी हे बघतो. इंजिन बंद ठेवून एकाने पॅडल पूर्ण दाबायचं, दुसऱ्याने पंपाकडे बघायचं. लिव्हर शेवटच्या स्क्रूला टेकली पाहिजे, आणि पाय सोडताच खटकन परत आली पाहिजे. रेंगाळत आली तर स्प्रिंग थकली, किंवा सांध्यात धूळ आणि गंज बसला. सांधे डिझेलने धुवायचे, पुसायचे, थोडं ग्रीस लावायचं. सांधा हाताने खडखडला तर बदलायचा. स्प्लिट पिनच्या जागी तार गुंडाळायची नाही. पायाखालचं मॅट पॅडलवर चढत नाही ना, तेही बघायचं.

किन्हवली-सरळगाव रस्त्यावरचे जीपवाले येतात, "गाडी ओढत नाही, पंपाचं सील तोड" म्हणतात. मी आधी दांडी बघतो. कितीदा तरी पॅडल खाली टेकलेलं असतं, पण झिजलेल्या सांध्यांमुळे लिव्हर पूर्ण गेलेलीच नसते. सांधे बदलले की गाडी ओढते, सीलला हात लावावा लागत नाही.

आणि रेस अडकलीच, तर अशा जुन्या गाडीत नुसत्या चावीवर विसंबू नका. पंप चावीने बंद होत नसेल, तर इंजिन चालूच राहतं. स्टॉपरची तार कुठे आहे आणि ती काम करते का, हे आजच बघून ठेवा.

मित्रा, त्या दिवशी तू बोलला नाहीस, मीही माफी मागितली नाही. आज सरांसमोर मागतो. बाहेर मैदानात दोन-तीन जुन्या जीप उभ्या दिसल्या. जेवण झालं की बॉनेट उघडून ठेवा, मी बघून देतो.