आधी टीप, मग प्रकल्प

महाविद्यालयीन ग्रंथालयांत काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

अधिवेशनाच्या अध्यक्षीय भाषणात ग्रंथालय चळवळीचा आढावा घेण्याची प्रथा आहे. आज मी ती बाजूला ठेवतो. 2020च्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या मुलामुलींच्या हाती संशोधन प्रकल्प आले आहेत आणि त्या प्रकल्पांचा सर्वांत दुबळा भाग आपल्याच दारात तयार होतो आहे. तो भाग म्हणजे शेवटची दोन पाने, संदर्भसूची.

ती कशी तयार होते हे आपण रोज पाहतो. प्रकल्प लिहून झालेला असतो, बांधणीला द्यायची घाई असते, मग एखाद्या जुन्या प्रबंधातली यादी उचलून अकारविल्हे लावली जाते. अलीकडे यंत्राला विचारले की आयती यादी मिळते आणि तीत कधीच न छापलेली पुस्तकेही लेखक-प्रकाशकांसह येतात. माझा आग्रह असा आहे की प्रत्येक नोंदीखाली चार-सहा वाक्यांची टीप विद्यार्थ्याने स्वतः लिहावी आणि ती प्रकल्पाच्या सुरुवातीलाच लिहावी. सटीप संदर्भसूची ही प्रकल्पाची पहिली पायरी आहे. तिला परिशिष्टात ढकलल्यामुळे आपण मुलांचे मोठे नुकसान करत आहोत.

एक उदाहरण घेऊन बोलतो. मराठवाड्यातली एखादी विद्यार्थिनी येते आणि म्हणते, ‘1972च्या दुष्काळावर करायचंय.’ एवढ्या पसरट विषयाची सूची कधी पुरी होत नाही. तिला आधी प्रश्न विचारायला लावावा. आमच्या तालुक्यातल्या दुष्काळी कामांवर बायका एवढ्या मोठ्या संख्येने का आल्या, त्यांना मजुरी कशी मिळाली, हा प्रश्न झाला. प्रश्न ठरला की काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे ठरते. काळ, प्रदेश, भाषा, साधनांचे प्रकार यांची हद्द आखता येते. ही हद्द सूचीच्या डोक्यावर तीन ओळींत लिहून ठेवावी.

मग शोध. आपली थोर साधने इथे पुरत नाहीत हे तिला प्रामाणिकपणे सांगावे लागते. शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चे दोन खंड 1800 ते 1950 या काळाचे आहेत, नियतकालिकांची सूचीही 1950पाशी थांबते. पुढचा प्रवास ग्रंथालयांच्या तालिका, प्रबंधांचे शोधगंगा संकेतस्थळ, जुन्या वृत्तपत्रांच्या फायली असा करावा लागतो. आणि शोधताना नुसता ‘दुष्काळ’ शब्द घातला तर निम्मे कागद हाती लागत नाहीत. महाराष्ट्राने 1963 साली कायदा करूनच ‘फॅमिन’ हा शब्द राज्यातल्या कायद्यांतून वगळला. सरकारी कागदांत त्यामुळे ‘टंचाई’ भेटते, शेतीच्या अहवालांत ‘अवर्षण’. ही गोष्ट तिला कोणत्याही शोधयंत्राने सांगितली नसती. ती सांगायला आपण आहोत.

आता टिपेकडे येतो. या विषयावरची तीन इंग्रजी लेखने समोर ठेवू. वुल्फ लाडेजिन्स्की यांचा ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’तला 1973चा लेख, व्ही. सुब्रमण्यम यांचे 1975चे ‘पार्च्ड अर्थ’ हे पुस्तक आणि जाँ द्रेझ यांचा दुष्काळ निवारणावरचा दीर्घ निबंध, जो 1990च्या सुमारास आला. साध्या यादीत ही तिन्ही नावे शेजारी शेजारी निमूट बसतात. टीप लिहायला घेतली की ती वेगळी होतात. लाडेजिन्स्की जागतिक बँकेचे जमीनसुधारणा-तज्ज्ञ होते. त्यांचा लेख फेब्रुवारी 1973मधला. दुष्काळी कामांवरची मजूरसंख्या मे 1973मध्ये शिगेला पोचली, सुमारे 50 लाखांवर. म्हणजे लेख लिहिला गेला तेव्हा सर्वांत कठीण महिने अजून यायचे होते. हे टिपेत नोंदवले नाही, तर विद्यार्थिनी त्या लेखातून संपूर्ण दुष्काळाचा निष्कर्ष काढून बसेल. सुब्रमण्यम प्रशासनातले अधिकारी. त्यांच्याकडे आतली माहिती आहे, आणि यंत्रणेकडे पाहण्याची नजरही यंत्रणेचीच आहे. द्रेझ बरेच नंतर, छापील साधनांवरून लिहितात. धान्योत्पादन फार घटूनही भूकबळींचे संकट टळले त्याचे श्रेय ते मुख्यतः रोजगाराच्या सार्वजनिक कामांना देतात. तिघांपैकी कोणाला कशासाठी बोलवायचे, हे आता तिला कळते.

म्हणून टिपेत सारांश थोडा असावा. पुस्तकात काय आहे हे एका-दोन वाक्यांत पुरे. लेखक कोण, कुठे उभा राहून लिहितो, पुरावा कुठला, कधीचा, आणि माझ्या प्रश्नाला यातले नेमके कोणते प्रकरण, कोणती पाने उपयोगी, यावर उरलेली वाक्ये खर्च व्हावीत. पृष्ठक्रमांकाचा आग्रह मी फार धरतो. मलपृष्ठ वाचून किंवा यंत्राकडून लिहून घेतलेली टीप पानाशी आली की अडखळते. संदर्भशैली कोणती, स्वल्पविराम कुठे, यावर कार्यशाळांमध्ये तास घालवले जातात; ते काम आता झोटेरोसारखी साधने करतात. कसलेही साधन पुस्तक वाचून देत नाही.

दहा-बारा टिपा झाल्या की त्या सलग वाचायला सांगाव्यात. मला या कामातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्या विद्यार्थिनीला तेव्हा दिसेल की अधिकारी बोलले, अर्थतज्ज्ञ बोलले, सुकथनकर समितीने 1973 साली टंचाईग्रस्त भागांचा अहवाल दिला, वि. स. पागे यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या आणि 1977च्या कायद्याने हक्क बनलेल्या रोजगार हमी योजनेवर भरपूर लिहिले गेले. खडी फोडणारी बाई मात्र या टिपांमध्ये आकड्यांपुरतीच आहे. तिने मिलो ही परदेशी ज्वारी रांधली, वाटपाची सुकडी खाल्ली, पाझर तलावाची माती वाहिली. तिचे म्हणणे मिळवायचे तर जुने हजेरीपट कुठे उरलेत ते तहसील कचेरीत विचारावे लागेल, अनंत भालेरावांच्या ‘मराठवाडा’ दैनिकाचे त्या दुष्काळी वर्षांचे अंक पान पान पाहावे लागतील, आणि मुख्य म्हणजे गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या आजींसमोर जाऊन बसावे लागेल. त्या मुलाखतींचीही सूचीत नोंद हवी, तारीख आणि ठिकाणासह, आणि त्यांनाही टीप हवी. विसाव्या वर्षी खडी फोडलेल्या बाया अजून आपल्यात आहेत. हे काम पुढच्या दहा वर्षांवर टाकता येणार नाही.

प्राध्यापक मित्र म्हणतील, वेळ कुठे आहे? बारा टिपांना तीन आठवडे लागतात हे खरे. पण तेच आठवडे पुढे लिहिताना परत मिळतात, कारण प्रकल्पाचे पूर्वसाहित्याचे प्रकरण या टिपांतूनच उभे राहते. गुणांकनात सटीप सूचीला जागा द्या, दहा गुणांची का होईना. त्याशिवाय मुले ती मनावर घेणार नाहीत.

आणि आपल्यासाठी एक काम सुचवतो. दरवर्षी तयार होणाऱ्या सटीप सूची प्रकल्पांबरोबर रद्दीत जातात. प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने त्या विषयवार जपाव्यात, विद्यार्थ्याच्या नावासह, आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना तिथूनच सुरुवात करायला सांगावे. आधीच्या टिपेशी मतभेद असेल तर खाली नवी टीप जोडावी. जिल्ह्यातल्या पाच-सहा ग्रंथालयांनी येत्या जूनपासून एकेक स्थानिक विषय वाटून घेतला, तर 1950नंतरच्या आपल्या भागाची सूची मुलांच्याच हातून तयार होऊ लागेल. या अधिवेशनाच्या खुल्या सत्रात तसा ठराव मांडावा, अशी माझी विनंती आहे, आणि पहिला विषय घ्यायला माझे ग्रंथालय तयार आहे.