विद्येचे ऋण : माफी की परतफेड?

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षात गतकार्याचा गौरव होणे उचितच आहे. परंतु आज मी आपले लक्ष अनेक घरांत चिंतेचा विषय झालेल्या एका प्रश्नाकडे वेधू इच्छितो. उच्च शिक्षणासाठी घेतलेले कर्ज सरकारने माफ करावे काय?

अमेरिकेत या प्रश्नावर मोठे वादंग माजले. २०२२ मध्ये तेथील अध्यक्षांनी कर्जदारांना दहा हजार, तर गरीब विद्यार्थ्यांना वीस हजार डॉलरपर्यंत माफी जाहीर केली. ३० जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली. आपल्या धानाच्या जिल्ह्यालाही कर्जमाफी अपरिचित नाही. २००८, २०१७ आणि २०१९ च्या शेतकरी कर्जमाफ्या आपण पाहिल्या. २०१९ च्या योजनेत थकबाकीदारांचे दोन लाखांपर्यंतचे कर्ज माफ झाले; नियमित फेड करणाऱ्यांना मात्र पुढे पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहनपर रक्कम द्यावी लागली. वेळेवर हप्ता भरणाऱ्याच्या मनातील सल शासनालाही दुर्लक्षिता आली नाही.

शैक्षणिक कर्जाच्या बाबतीत आणखी एक विचार करावा लागतो. जामीनदाराअभावी ज्याला कर्जच मिळाले नाही आणि बारावीनंतर ज्याने दुकानात नोकरी धरली, त्याच्या पदरात माफीतून काय पडणार?

तथापि ओझे खरे आहे, हेही मान्य केले पाहिजे. व्यापाऱ्याच्या सवयीने एक हिशेब मांडतो. चार वर्षांच्या शिक्षणासाठी दरवर्षी समान रकमेत साडेसात लाख कर्ज दहा टक्के दराने घेतले आणि शिक्षणानंतर एक वर्ष सवलत मिळाली, तर पहिला हप्ता सुरू होण्यापूर्वीच सरळव्याजाने सुमारे दोन लाख बासष्ट हजार रुपये व्याज चढते. पुढे दहा वर्षे मासिक हप्ता सुमारे तेरा हजार चारशे रुपये. केवळ आरंभीच्या पाच वर्षांचे व्याज सोडले तर हप्ता दहा हजारांच्या आत येतो. व्याज मुळीच नसेल तर तो सव्वासहा हजार होतो. म्हणजे मुद्दल एका रुपयानेही न सोडता हप्ता निम्म्याहून खाली येतो. नवख्या नोकरदाराला खरा भार व्याजाचाच आहे.

म्हणून पर्याय शोधावेत ते याच दिशेने. २०२४-२५ पासून महाराष्ट्र शासनाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल व इतर मागास घटकांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. कर्ज होऊच न देणे हा सर्वांत उत्तम उपाय होय. केंद्राची २०२४ ची प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजना व्याजात तीन टक्के सूट देते. पण ती निवडक संस्थांपुरती आहे. ऑस्ट्रेलियात १९८९ पासून परतफेड उत्पन्नाशी जोडलेली आहे. ठराविक मर्यादेखाली कमाई असेल तर वसुली होत नाही.

आपल्याकडेही थोर परंपरा आहे. १८९२ मध्ये जमशेटजी टाटांनी स्थापिलेला शिक्षणनिधी आजही परतफेडीच्या बोलीवर शिष्यवृत्ती देतो, डॉ. जयंत नारळीकर तिचे एक मानकरी. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापून ‘कमवा व शिका’चा मार्ग दाखविला. दोघांनीही विद्यार्थ्याला याचक मानले नाही.

याच धर्तीवर माझी सूचना आहे. ट्रस्टने देणग्यांतून स्वतंत्र विद्यानिधी उभारावा. त्यातून बिनव्याजी रक्कम द्यावी, ती तारणावाचून आणि प्रतिष्ठेवाचून, केवळ गरज व गुणवत्ता पाहून. परतफेड नोकरी लागल्यावर, मिळकतीच्या प्रमाणात व्हावी आणि परत आलेली रक्कम पुढच्या विद्यार्थ्यास मिळावी. घरातील कर्ता गेला, विद्यार्थ्यास गंभीर आजार झाला, अशा प्रसंगी मात्र बाकी पूर्णपणे सोडावी व त्याची वाच्यता करू नये. आपल्या परंपरेत ज्ञानदान आहे तसे अभयदानही आहे.

घेणाऱ्यांची नावे गुप्त राहावीत आणि हिशेब दरवर्षी सभेपुढे यावा, एवढे पथ्य पाळले तर हा निधी टिकेल. या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत यावर निर्णय व्हावा, अशी विश्वस्त मंडळास नम्र विनंती करतो आणि माझे दोन शब्द संपवितो.

जय जिनेंद्र.