पंचांचा पत्ता

पत्ता ही गोष्ट आपण किती सहज गृहीत धरतो! मनुष्य बिऱ्हाड बदलतो, दारावरची पाटी काढून नव्या दारावर लावतो, चार आप्तांना कळवतो आणि स्थलांतर पुरे झाले असे मानतो. परंतु ज्यांच्या एकविचारावर इतरांचा सारा ठेवा अवलंबून आहे, त्यांचे बिऱ्हाड इतक्या सहज हलत नाही. आज मी अशाच काही पंचांविषयी बोलणार आहे. हे पंच हाडामांसाचे नव्हेत. संगणकात अहोरात्र चालणाऱ्या त्या आज्ञावली आहेत.

‘सेफ’ नावाची एक साठवण-प्रणाली आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील शाखेत सेज वाइल यांनी डॉक्टरेटसाठी केलेल्या संशोधनातून ती जन्मास आली. तिच्यावरील निबंध २००६ साली प्रसिद्ध झाला. अनेक बाहूंच्या शीर्षपाद जलचरांवरून तिला हे नाव मिळाले. एकाच तिजोरीत सारा ऐवज न कोंडता, त्याच्या प्रती अनेक साध्या यंत्रांवर विखरून ठेवायच्या, हे तिचे तत्त्व. कोणती वस्तू कोठे आहे याची वही कोणी ठेवत नाही. समूहाचा नकाशा हाती आला, की मागणारा स्वतःच गणित करून ती वस्तू शोधतो. तो नकाशा सांभाळणारे जे पंच, त्यांना ‘मॉनिटर’ म्हणतात.

मॉनिटर बहुधा तीन किंवा पाच असतात, आणि निम्म्याहून अधिकांचे मत पडल्याखेरीज कोणताही निर्णय होत नाही. तिघांपैकी एक गेला तरी चालते, पाचांपैकी दोन गेले तरी चालते. चौघे ठेवून मात्र तिघांपेक्षा अधिक लाभ नाही, कारण चौघांतही तिघांची संमती लागतेच. या पद्धतीच्या मुळाशी लेस्ली लॅम्पोर्ट यांची ‘पॅक्सॉस’ ही रीत आहे. पॅक्सॉस बेटावरील एका काल्पनिक लोकसभेची कथा रचून त्यांनी ती १९९८ साली प्रसिद्ध केली. आपल्याकडे ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणतात, त्याचेच हे गणिती रूप!

आता पत्त्याचा प्रश्न. प्रत्येक मॉनिटरला जाळ्यातील एक अंकी पत्ता असतो आणि त्याला जोडून दाराचा क्रमांक असतो: जुन्या संभाषणपद्धतीसाठी ६७८९, आणि २०१९ च्या ‘नॉटिलस’ आवृत्तीपासून आलेल्या नव्या पद्धतीसाठी ३३००. हे पत्ते दोन ठिकाणी लिहिलेले असतात. एक, रचनेच्या फाइलीत. बाहेरून येणाऱ्याला पहिला पंच कोठे भेटेल, हे ती सांगते. दुसरे, प्रत्येक मॉनिटरजवळ असलेल्या मॉनिटर-नकाशात. पंच एकमेकांना ओळखतात ते या नकाशावरून, फाइलीवरून नव्हे.

हा भेद मी पुस्तकात वाचला होता. कळला मात्र एका रात्री. जाळ्याचे पत्ते नव्याने आखले गेले होते. तीन मॉनिटरांपैकी एकाच्या यंत्राला मी नवा पत्ता दिला, फाइलीतही तोच लिहिला आणि मॉनिटर पुन्हा सुरू केला. तो उठेना. त्याच्या नोंदींत लिहिले होते की फाइलीतील पत्ता नकाशाशी जुळत नाही, सबब नकाशाच प्रमाण मानला आहे. नकाशातला जुना पत्ता तर त्या यंत्रावर उरलाच नव्हता! उरलेले दोघे जागे होते म्हणून व्यवहार चालू होता. मी दुसऱ्या यंत्राला हात घालणारच होतो. घातला असता, तर बहुमत मोडले असते; तबकड्यांवरचे अक्षर अन् अक्षर शाबूत राहिले असते, पण नव्याने येणाऱ्या कोणालाही नकाशा मिळाला नसता, आणि हळूहळू सारे व्यवहार थांबले असते.

त्या क्षणी मला ही आज्ञावली हटवादी वाटली. पुढे तिचे शहाणपण उमगले. प्रत्येक पंच आपापल्या फाइलीवर विसंबला असता, तर कोण्या एका यंत्रावर चुकलेला एखादा अंक पंचांत फूट पाडू शकला असता. म्हणून पंचांचा पत्तासुद्धा पंचांच्याच बहुमताने बदलतो.

योग्य रीत सावकाशीची आहे. नव्या पत्त्यावर नवा मॉनिटर उभा करावा, तो पंचांत सामील झाल्याची खात्री करावी, मगच एका जुन्याला निरोप द्यावा. आणि असे एकेक करून झाल्यावर फाइली सुधाराव्यात. सारे जाळेच एकदम हलणार असेल, तर नकाशा बाहेर काढून त्याची प्रत जपून ठेवावी, पत्ते दुरुस्त करावेत, सर्व मॉनिटर थांबवावेत आणि तोच एक नकाशा प्रत्येकाच्या हाती द्यावा. हा मार्ग आडवळणाचा आहे. गरज पडली तरच धरावा.

त्या रात्री मी दुसऱ्या यंत्रावरचा हात मागे घेतला आणि पहिल्याला त्याचा जुना पत्ता परत दिला. थोड्याच वेळात तो उठला, आणि तिन्ही पंच पुन्हा एकत्र बसले. पाटी बदलणे माझ्या हाती होते. पत्ता बदलणे त्यांच्या.