तान्ह्या बाळाचे खेळणे



तुमच्यातल्या काही जणी शहरात मूल सांभाळायच्या कामाला जातात. काम सोपे दिसते, पण जोखमीचे असते.

आमच्या हाताखाली शिकलेली एक मुलगी अशाच कामावर होती. बाळ आठ महिन्यांचे. मालकिणीने हौसेने मण्यांचा खुळखुळा आणला. मुलीने तो ओढून पाहिला, तर मणी सुटून हातात आला. तिने खुळखुळा उचलून फळीवर ठेवला. मालकीण रागावली. म्हणाली, "माझ्या बाळाचे खेळणे काढणारी तू कोण?" मुलगी म्हणाली, "बाई, माझे काम गेले तरी चालेल. पण हा मणी बाळाच्या घशात जायला नको." मालकिणीने मणी पाहिला आणि ती गप्प झाली. काम काही गेले नाही.

तान्हे मूल हाताला येईल ते तोंडात घालते. म्हणून मणी, बिया, शेंगदाणे, फुगे, घड्याळातले चपटे सेल त्याच्यापासून लांब ठेवा. खेळणे बाळाच्या तोंडात मावणार नाही एवढे मोठे, गुळगुळीत, धुता येणारे असावे. त्याला लांब दोरी नको. कापडाचा चेंडू, साधी वाटीही चालते.

विकत घ्याल तर आयएसआयचा शिक्का पाहा. कारखान्यातल्या खेळण्यांवर तो २०२१ सालापासून सक्तीचा आहे. डब्यावर शून्य ते तीन असे आकडे आणि त्यांवर तांबडी तिरकी रेघ असेल, तर ते खेळणे तीन वर्षांच्या आतल्या मुलाला देऊ नका.

आता तुम्हांला आकडे वाचता येतात. मग वाचल्याशिवाय बाळाच्या हाती काही देऊ नका.