दगड, खडक आणि खनिज



दगड हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या भुईत इतकं काही दडलेलं आहे, की तिथं एकट्या ‘दगडा’वर भागत नाही. म्हणून आज त्याच्या भावकीतल्या शब्दांची ओळख करून घेऊ.

विहीर खणताना ‘दगड लागला’ म्हटलं, तर धोंडा बाजूला केला की काम पुढं चालतं. ‘खडक लागला’ म्हटलं, की सुरुंग शोधावा लागतो. म्हणजे दगड हा सुटा तुकडा, आणि खडक हा भुईचा अखंड थर. हा फरक आपल्या बोलीनंच केलेला आहे.

आता खनिज. खाणीतून निघतं ते खनिज, असं आपण म्हणतो. शास्त्रज्ञ मात्र ठराविक रासायनिक घडणीच्या, निसर्गात तयार झालेल्या स्फटिकरूप पदार्थालाच खनिज म्हणतात. खडक हा चिवडा मानला, तर खनिजं म्हणजे त्यातले पोहे, डाळं नि दाणे. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात गारगोटी नि हेमॅटाइट यांचे पट्टे असलेला खडक सापडतो. त्यातलं हेमॅटाइट हे खनिज. ते शुद्ध असेल, तर त्यात वजनानं सुमारे ७० टक्के लोखंड असतं. ज्या दगडातून धातू काढणं परवडतं, त्याला धातुक म्हणतात. म्हणजे धातुक हा शब्द शास्त्राइतकाच बाजाराचाही आहे, बरं का!

बल्लारपूरचा कोळसा घ्या. तो प्राचीन वनस्पतींपासून झालेला, म्हणून शास्त्राच्या हिशेबी तो खडक. १९५७ च्या खाणी व खनिजांच्या कायद्यात मात्र तो खनिज. त्याच कायद्यात इमारतीचा दगड, साधी माती, साधी वाळू ही ‘गौण खनिजं’ आहेत. शास्त्राच्या पुस्तकात असा वर्गच नाही. आणि ‘गौण’ म्हणजे क्षुल्लक, असंही समजू नका.

कारण या शब्दापाशी गावाचा हक्क आहे. गडचिरोलीचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे अशा क्षेत्रात गौण खनिजाचा खाणपट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस घ्यावीच लागते. नदीतली वाळू ‘नुसती वाळू’ म्हणून सोडून दिली, तर विचारण्याची वेळ निघून जाते.

तेव्हा गुरुजींनो नि बाईंनो, वर्गात मुलांना हे शब्द शिकवाल, तेव्हा शब्द कुणाच्या तोंडचा आहे, तेही विचारायला शिकवा: घरचा, शास्त्राचा की कायद्याचा? आणि चावडीवर खनिजाची नोटीस लागली, तर ती सर्वांना मोठ्यानं वाचून दाखवा. त्यातलं खनिज कोणतं, हे कळल्याशिवाय कुणी अंगठा उठवू नये.